फाईलला बाजू नसते

डोंबिवली स्टेशन तुमच्या घरापासून किती लांब, असं विचारलं की ते म्हणत, "अर्धी बाजू." कुकर लावला की भात पाऊण बाजूत. केस कापायला एक बाजू, न्हावी बोलका असेल तर दीड. आणि मुलगा बंगळूरहून फोन करतो तेव्हा किती वेळ बोलता, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणाले, "बाजू कसली, कोरी पट्टीसुद्धा संपत नाही." कोरी पट्टी म्हणजे कॅसेटच्या सुरुवातीला आवाज सुरू होण्याआधीचा तो पांढरा तुकडा. 'हॅलो, बरे आहात ना, ठेवतो' एवढं त्यात बसतं.

साठची कॅसेट, तिच्या दोन बाजू, एक बाजू अर्ध्या तासाची. बाकीच्या जगाने वेळ मोजायला घड्याळ घेतलं, यांनी कॅसेट घेतली.

आम्ही त्यांना टेपकाका म्हणत असू. नाव होतं, पण ते त्यांनी दारावरही लावलं नव्हतं. दारावर एक पुठ्ठा होता: 'बेल बंद आहे. कडी वाजवावी. टेप चालू असल्यास थांबावे.' तळमजल्यावर मागच्या बाजूची दोन खोल्यांची जागा, बरोबर आमच्या खाली. लग्न होऊन आम्ही तिथे राहायला गेलो, ते साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. काकांची बायको त्याच्या आधीच गेली होती आणि मुलगा हॉस्टेलवर होता, तो तिथूनच पुढे नोकरीला लागला. वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. मोटार चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतली घरघर ऐकायची. मग चिठ्ठीवर लिहायचं, 'ऐकून पाहिले. ठीक.' या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या, एक पेन्शन आणि दुसरं हे वाक्य. पैकी वाक्य जास्त उपयोगी पडलं.

कारण काका लोकांचे आवाज उतरवून देत. तुमच्याकडे जुनं स्पूल असो, ताणली गेलेली कॅसेट असो, घासलेली तबकडी असो, ते ती नव्या कॅसेटवर उतरवत. एक पैसा घेत नसत. कोरी कॅसेट तेवढी आपण न्यायची. पण एक अट होती, आणि ती ऐकून निम्मे लोक पायऱ्यांवरूनच परत फिरत. आवाज मालकासमोर उतरला पाहिजे. कॅसेट ठेवून जातो, संध्याकाळी नेतो, हे चालायचं नाही.

"समोर बसा," ते म्हणत. "नंतर म्हणाल, माझ्या आत्याचा आवाज असा नव्हता."

"पण काका, तास जाईल."

"तासाचा आवाज आहे, तासच जाणार. तुमच्या आत्याने काय घाईत गायलंय?"

मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या लग्नातल्या मंगलाष्टकांची कॅसेट घेऊन. आमचे सासरे माइक हातात आला की देवालाही न सोडणारे. त्यांनी त्या दिवशी सूर असा काही लावला होता की नवरदेवाच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यांत पाणी आलं आणि लोकांना वाटलं, मुलगा भावुक आहे. काकांना मी हळूच म्हटलं, "तिसरं मंगलाष्टक गाळता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सासऱ्यांनाच गाळा म्हणालो होतो.

"जसं आहे तसं," ते म्हणाले. "पुसणं, गाळणं, साफ करणं, ही कामं इथे होत नाहीत."

मग मी तास काढला. लाकडी खुर्चीवर ताठ बसून, सत्यनारायणाला बसावं तसा. समोर दोन डेक, एकात सासरे सुटले आहेत, दुसऱ्यात ते भरले जात आहेत, आणि मध्ये काका डोळे मिटून माझ्या सासऱ्यांचा सूर ऐकताहेत, चेहऱ्यावर एक सुरकुती इकडची तिकडे नाही. पहिली बाजू संपली, खटका पडला. काका उठले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा नेहमी बाजू बदलताना, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. कॅसेट उलटायची, चहा टाकायचा, दोन बिस्किटं बशीत, मग दुसरी बाजू. शेवटी लेबलावर बॉलपेनने लिहिलं: 'मंगलाष्टका. समोर उतरवले. ऐकून पाहिले. ठीक.'

"ठीक?" मी विचारलं.

"आवाज ठीक आहे," काका म्हणाले. "गाण्याचं मी लिहिलेलं नाही."

वर आल्यावर बायकोला सगळा प्रसंग अभिनयासकट करून दाखवला. ती हसली, मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तो माणूस कॅसेटी उतरवत नाहीये. तासभर माणूस बसवून घेतोय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या रविवारी तुमच्या आईच्या भजनाची कॅसेट घेऊन जा."

त्या दिवसापासून आमच्या घरात हे गुपित उघडं होतं. बिल्डिंगमध्येही ते हळूहळू सगळ्यांना कळलं असावं, पण कुणी बोलून दाखवलं नाही. डोंबिवलीतली माणसं इतर वेळी एकमेकांच्या दुधाच्या पिशव्या मोजतात, पण इथे सगळे गप्प राहिले.

सगळ्यात मोठा दरबार भरला तो मावशी आल्या त्या दिवशी. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या या मावशी, काकांच्या कारखान्यातल्या कुणीतरी पाठवलेल्या. बाजार आटपून थेट आलेल्या, केसात अबोलीची वेणी, हातात टोपली आणि टोपलीत रुमालात गुंडाळलेली कॅसेट. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या आत्याने धवले गायले होते, म्हणजे लग्नविधीची गाणी, ती कुणी हौशी भावाने भरून ठेवलेली. मी तेव्हा तिथे होतो, माझी कसलीशी दुसरी बाजू चालली होती.

"मना सांगलंय, पैसं घेत नाय म्हनून," मावशी म्हणाल्या.

"पैसे घेत नाही. पण बसावं लागेल."

"बसतंय की. उभं राहून पाय मोरलं माझं."

आणि मावशींनी जमिनीवर बैठक मारली. टेप सुरू झाला. काकांचा नियम असा की आवाज चालू असताना बोलायचं नाही. मावशींना हा नियम माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी त्यांनी तो कोळंबीसारखा सोलून बाजूला ठेवला असता.

"यी माझी आत्या. आयक. आयक आता, चुकंल ती."

आणि खरोखर, आत्या चुकली. गाण्यात नवऱ्याचं नाव गुंफायचं असतं, तिथे तिने भलतंच नाव घेतलं.

"आयकलंस?" मावशी डोळे पुसत हसायला लागल्या. "सकालचे लग्नान गायलेली, त्या नवऱ्याचं नाव माझे लग्नान घातलं. माझा नवरा मेला दोन दिस बोलला नाय आत्याशी." मग काकांकडे वळून, "काढशील त्यो नाव?"

काका म्हणाले, "जसं आहे तसं."

मावशींनी क्षणभर विचार केला. "र्‍हाऊ दे. तेवढाच एक नवरा जास्ती."

त्या दिवशी काका मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. बाजू बदलताना चहा उतू गेला, इतके ते हसण्यात होते.

चहा पिताना मावशींनी खोलीवर नजर फिरवली. "घरान कोन नाय?"

"मुलगा बंगळूरला."

"मंग जेवतंस काय?"

"भात."

"भाताबरोबर?"

काकांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "रेडिओ."

पुढच्या महिन्यात मावशींनी कुणाबरोबर तरी सुकटीची मोठी पुडी पाठवली. काकांनी जन्मात मासळी खाल्ली नव्हती, पण परत पाठवणं त्यांना पटेना आणि टाकणं त्याहून पटेना. त्यांनी ती कॅसेटींच्या कपाटात, वरच्या फळीवर, 'मावशी, ठाणे' असं लेबल लावून ठेवली. पुढचे कित्येक महिने आमच्या बिल्डिंगमधल्या साऱ्या मुंजी, भजनं आणि मंगलाष्टकांना सुकटीचा वास होता. माझ्या सासूबाई कॅसेट हुंगून म्हणाल्या, "कुठल्या माणसाकडे देता हो?"

मग कॉम्प्युटर आला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुलाच्या कंपनीने मोडीत काढलेला एक मुलाने वडिलांना पाठवला, बरोबर सीडी लिहायचं यंत्र. मुलगा मनाने चांगला होता, एवढंच की त्याच्या मनाला कायम दुसरीकडे जायचं असे. काकांनी स्टेशनबाहेरून कॉम्प्युटरचं एक मासिक आणलं, त्याच्यासोबत फुकट सीडी होती, आणि त्या सीडीवर एक लहानसं सॉफ्टवेअर होतं. आवाजाची एका प्रकारची फाईल घ्यायची, दुसऱ्या प्रकारची करून द्यायची. टेपवरून पहिल्यांदा जी उतरते ती प्रचंड मोठी, तिला काका कच्ची फाईल म्हणत. सॉफ्टवेअर तिला दाबून लहान करी, ती पक्की. वाण्याकडच्या पावतीसारखं.

आणि काय सांगू, तो मोडीतला कॉम्प्युटर इतका संथ होता की तासाच्या कच्च्या फाईलची पक्की व्हायला दोन-अडीच तास लागत. दुसरा कुणी वैतागला असता. काकांना हर्ष झाला. एक तास उतरायला, अडीच तास पिकायला, म्हणजे माणूस दुपारचा आला की दिवे लागेपर्यंत हलत नाही. पडद्यावर निळी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरके आणि काका तिच्याकडे प्रेमाने पाहत.

फक्त एक अडचण झाली. पहिल्याच दिवशी मी बसलेलो, पट्टी निम्म्यावर आलेली, आणि काका अस्वस्थ. उठले, बसले, आत गेले, परत आले.

"काय झालं काका?"

"फाईलला बाजू नसते हो," ते म्हणाले. "चहा कधी करायचा?"

मी सुचवलं, पट्टी अर्धी झाली की करू. त्यांना ते पटलं नाही. खटका पडत नाही, ही त्यांची तक्रार. शेवटी त्यांनी रिकाम्या डेकमध्ये साठची एक कॅसेट लावली, आवाज बंद ठेवून, निव्वळ खटक्यासाठी. ती अर्ध्या तासाने खट् करायची, आणि चहा व्हायचा. अडीच तासांत पाच वेळा.

त्या सॉफ्टवेअरचं काकांना पहिल्यांदा जे आवडलं नाही, ते हे की ते फुकट होतं. "फुकट देतो म्हणजे याचं काहीतरी असणार," ते म्हणाले. "वाचा, खाली बारीक काय लिहिलंय." मी वाचलं. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातल्या एका माणसाने ते केलं होतं. पैसे नकोत, असं त्याने लिहिलं होतं, वापरलंत आणि आवडलं तर तुमच्या गावाहून मला एक पोस्टकार्ड पाठवा. खाली पत्ता.

काकांनी चष्मा काढला.

"हा एकटा राहतो," ते म्हणाले.

मी हसून म्हटलं, "कशावरून?"

"काम फुकट करतो आणि पत्र मागतो." त्यांनी चष्मा परत घातला. "दुसरं काय असणार?"

माझ्या हातातला चहा गार होत होता.

दुसऱ्याच दिवशी कार्ड गेलं. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा: 'महाशय, आपले सॉफ्टवेअर ऐकून पाहिले. ठीक. ठाणे जिल्ह्यात येणे झाल्यास डोंबिवलीस उतरावे. चहा होईल.' घर स्टेशनपासून अर्धी बाजू, हेही घालायचं होतं. मी घालू दिलं नाही.

आता इथे माणसाचा स्वभाव बघा. लोकांना कळलं की असं सॉफ्टवेअर आहे. एव्हाना घरोघर कॉम्प्युटर यायला लागले होते, पोरं कॉलेजातून फाईली आणत, त्यांना त्या दुसऱ्या प्रकारात हव्या असत. ती पोरं काकांकडे आली, "काका, ते सॉफ्टवेअर द्या ना, घरीच करू." एखादा म्हणाला असता, इथेच या, बसा, मी करून देतो. काकांनी सगळ्यांना सीडी लिहून दिली. मागितलं त्याला दिली, नाही मागितलं त्याच्या घरी नेऊन दिली. सोबत एक पोस्टकार्ड, पत्ता स्वतःच्या हाताने घातलेला. "त्याने फुकट दिलंय, मी कोण अडवणार? पण कार्ड टाका हं. विसरू नका."

मी त्यांना म्हटलं, "अहो, मग तुमच्याकडे कोण येणार?"

"त्याच्याकडे तर जातील," काका म्हणाले.

आणि तसंच झालं. लोक घरीच उतरवू लागले. दारावरच्या पुठ्ठ्यातलं 'थांबावे' वाचायला कुणी थांबेना. उरलो आम्ही दोघं-तिघं. त्यातच एका दिवाळीला मुलगा नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन आला. उत्साहात होता बिचारा. माझ्यासमोर त्याने एक फाईल घातली, आणि जी निळी पट्टी दिवेलागणीपर्यंत रेंगाळायची ती हां हां म्हणता पलीकडे पोचली.

"बघा बाबा," तो म्हणाला. "आता कुणाला ताटकळत बसायला नको."

"छान," काका म्हणाले. ज्या आवाजात माणसं डॉक्टरांना छान म्हणतात, त्या आवाजात.

मुलगा गेल्यावर मी एक भजनाची कॅसेट घेऊन गेलो. ती एकदा आधीही उतरवून झाली होती, पण काकांनी ते लक्षात येऊ दिलं नाही आणि मीही नाही. कच्ची फाईल झाली. सॉफ्टवेअरच्या खिडकीत एक सरकपट्टी होती, एका टोकाला 'जलद', दुसऱ्या टोकाला 'उत्तम'. काकांनी ती ओढून पार 'उत्तम'च्या भिंतीला टेकवली. तरी पंधरा मिनिटांच्या आत काम आटोपायला लागलं. काकांनी घसा साफ केला.

"नव्या मशीनमध्ये एकेक कान वेगळा करावा लागतो," ते म्हणाले. "आधी डावा. मग उजवा. मग दोन्ही एकत्र."

मला त्या सॉफ्टवेअरमधलं थोडंफार कळत होतं. डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज वेगळा करणं, असलं काहीही करावं लागत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते माऊसकडे पाहत होते.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने पहिलं हे विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"बोललो ना," मी म्हटलं. "म्हटलं, काका, डावा कान परत एकदा बघा, मला जरा शंका आहे."

त्यानंतर वर्षभरात आमची बिल्डिंग पाडायची ठरली. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो, आणि मुलाने काकांना टिटवाळ्याला नवी जागा घेऊन दिली. जाताना काका खुशीत असल्याचं दाखवत होते. "तिथे गणपती आहे. चतुर्थीला अर्धा जिल्हा येतो. लोकांना सांगा, दर्शन झालं की कॅसेट घेऊन वर या."

चतुर्थ्या आल्या आणि गेल्या. अर्धा जिल्हा गणपतीपाशी आला आणि तिथूनच घरी गेला.

एका रविवारी बायको म्हणाली, "टिटवाळ्याला जाऊन या."

"काय घेऊन जाऊ? घरातलं सगळं उतरवून झालंय. सासरे दोनदा झालेत."

ती कपाटाकडे गेली आणि एक कॅसेट घेऊन आली, साठची, नवी, अजून प्लास्टिकच्या कागदात. तो कागद तिने स्वतःच फाडला. "कागद काढलेला बरा," म्हणाली, "नाहीतर त्यांना संकोच वाटेल."

तिसरा मजला. बिल्डिंगमध्ये निम्म्या दारांना कुलपं, जिन्यात सिमेंटचा वास. दारावर तोच पुठ्ठा. कडी वाजवली. काका वाळले होते. भिंतीवर नवीन फक्त एक गोष्ट होती, बर्फातल्या चर्चचं एक पोस्टकार्ड, पिनेने लावलेलं. त्या थंड गावातल्या माणसाचं उत्तर आलं होतं. त्याने आभार मानले होते आणि खाली विचारलं होतं, 'डोंबिवली म्हणजे काय आहे? मला तिथून इतकी कार्डं का येत आहेत?'

"बघितलंत?" काका म्हणाले. "पोरांनी टाकली कार्डं."

मग त्यांनी हात पुढे केला. मी कॅसेट दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. लेबल नाही, ओरखडा नाही, टेप पहिल्या वळणापासून जशीच्या तशी. ज्या माणसाने आयुष्यभर चालू मोटारींच्या आतलं ऐकलं त्याला ती काय आहे हे कळायला किती वेळ लागणार? त्यांनी एवढंच विचारलं, "काय आहे?"

"जुनं आहे," मी म्हटलं. "घरचंच."

"बसा समोर."

मी बसलो. त्यांनी कॅसेट डेकमध्ये घातली, तारा तपासल्या, बटण दाबलं. स्पीकरमधून बारीक सूं सुरू झाली. आम्ही ऐकत राहिलो. काकांनी डोळे मिटले होते. खाली कुणीतरी हातपंप मारत होतं, तो थांबला. रिकाम्या खोल्यांतून एक दार आपटलं. मग फक्त ती सूं. एक बाजूभर.

खटका पडला. काका उठले, कॅसेट उलटली, चहा टाकला. दोन बिस्किटं बशीत. चहाबरोबर मावशींची आठवण निघाली, सासऱ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि दुसरी बाजू लावली.

ती संपल्यावर कच्ची फाईल झाली. मग डावा कान. मग उजवा. मग दोन्ही. सीडी लिहून झाली तेव्हा समोरच्या डोंगरावरचं ऊन उतरायला लागलं होतं. काकांनी लेबल घेतलं, बॉलपेन झटकलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: 'घरचे. बाजू अ, शांत. बाजू ब, तीच. समोर उतरवले. दोघांनी ऐकले. ठीक.'

मी चपला घातल्या. ते दारापर्यंत आले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो तोवर त्यांनी हाक मारली.

"अहो, अशा कामाला साठची पुरत नाही," ते अगदी तपासनीसाच्या कोरड्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वेळी नव्वदची आणा."